कडुनिंबावरची सीतेची वेणी

अण्णा रिटायर होऊन सोलापूरला आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली तीन झाडं होती. ट्रंक आणि वळकटी हमालाच्या डोक्यावर होती. पोतं त्यांनी स्वतः धरलं होतं, आणि घरी पोचल्यावर त्यांनी पहिलं पाणी मागितलं ते त्या पोत्यासाठी.

वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. शेवटची बरीच वर्षं त्यांनी गोव्याकडच्या घाटातल्या एका लहानशा स्टेशनावर काढली. तिथे शाळा नव्हती, म्हणून आई आणि मी सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि अण्णा रजेवर येऊन जायचे. मी शिकले, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले, आणि मग ते कायमचे आले. दुष्काळ नुकताच सरला होता. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही इतकं जड की घागरीच्या बुडाशी पांढरा थर बसायचा. अशा गावात माझे वडील ऑर्किड घेऊन आले होते.

आईने पोतं उघडून पाहिलं. जाड, लांबट पानं आणि खाली दोरीसारखी लोंबणारी मुळं. माती कुठेच नव्हती.

"हे बांडगूळ आहे," आई म्हणाली. "दारात नको."

"बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं झाडावर बसतं," अण्णा म्हणाले. "याला सीतेची वेणी म्हणतात. फुललं की हातभर गुलाबी तुरा लोंबतो. बघशील तू."

आईने पुष्कळ वाट बघितली. आम्ही सगळ्यांनीच बघितली.

आमच्या आणि शेजारच्यांच्या घरांना मिळून एक अंगण होतं आणि त्यात एक कडुनिंब. अण्णांनी तिन्ही झाडं नारळाच्या शेंड्या घालून काथ्याने त्या कडुनिंबाला बांधली आणि उन्हाच्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावले. ते पडदे दिवसभर ओले ठेवायचे असत. सकाळचं काम अण्णांचं, संध्याकाळचं माझं. शाळेत पोरींना भूगोल शिकवून, घसा कोरडा करून घरी यावं तर आई म्हणायची, "आधी तुझ्या अण्णांच्या पडद्यांना पाणी मार, मग चहा घे." पावसाचं पाणी आम्ही पिंपात साठवायचो. ते पिंप झाडांचं. त्यातला तांब्याभर पाय धुवायला घेतला तरी अण्णांना कळायचं.

इतकं करून झाडं काय करत होती, तर जगत होती. बाकी काही नाही. एप्रिलात पानं सुरकुतायची, जुलैत परत तुकतुकीत व्हायची. अण्णा रोज सकाळी भिंग घेऊन पानांच्या बेचक्यांत बघत. एका वर्षी त्यांनी आम्हाला हाका मारून बाहेर बोलावलं. एका बेचक्यातून हिरवं, गुळगुळीत टोक बाहेर आलं होतं. "दांडा आहे फुलाचा," ते म्हणाले. त्या दिवशी आईने शिरा केला. टोक वाढत गेलं, वळलं आणि कडुनिंबाच्या सालीला चिकटलं. ते मूळ होतं. अण्णांनी त्यानंतर आठवडाभर भिंग काढलं नाही.

त्याच वर्षांत माझी दाखवादाखवी चालू होती. पाहुणे येत, पोहे खात, "कळवतो" म्हणून जात. कळवत नसत. मी पंचविशी ओलांडलेली, सावळी, वर नोकरी करणारी. घरात दोनच विषय उरले होते, झाडाला फूल का येत नाही आणि हिचं का जमत नाही. कधीकधी तर आई बोलायला लागली की कोणाबद्दल बोलतेय हे मला पहिल्या वाक्यात समजायचं नाही.

मग एका मे महिन्यात खरंच दांडा आला. या वेळी अण्णांनी कोणाला सांगितलं नाही. दांड्याला मोहरीएवढे कळ्यांचे ठिपके दिसले, ते फुगून ज्वारीच्या दाण्याएवढे झाले, तेव्हा कुठे त्यांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद पाहिला नव्हता, माझ्या नोकरीचा कागद आला तेव्हासुद्धा.

कळ्या उमलायच्या बेतात असताना मंगळवेढ्याहून निरोप आला की माझे थोरले काका घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. जाणं भाग होतं. शाळेला सुटी होती, त्यामुळे आम्ही तिघंही निघालो. निघण्यापूर्वी अण्णांनी शेजारच्या काकूंना झाडांपाशी उभं केलं. काकूंच्या यजमानांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालायचं. काकू मनाने मोकळ्या होत्या आणि आमच्या घरात त्यांना परकेपणा नव्हता.

"पाणी मुळांवर," अण्णा सांगत होते. "वर, पानांच्या गाभ्यात नको. गाभ्यात पाणी साचलं की सडतं. आणि पडदे ओले ठेवा."

"मास्तर, तुमी निवांत जावा. मी हाय की," काकू म्हणाल्या. "लेकरागत बघते. काय म्हणला नाव ह्याचं?"

"सीतेची वेणी."

"वेणी. बरं हाय की."

मंगळवेढ्यात आमचा मुक्काम लांबला. काकांच्या खाटेजवळ बसून अण्णा पंख्याने वारा घालत, पण लक्ष त्यांचं सोलापुरात होतं. एसटीतून परत येताना ते मला म्हणाले, "आता पूर्ण उमलली असतील. पंधरा-वीस दिवस टिकतात." अंगणात शिरल्या शिरल्या, हातातली पिशवी न ठेवता ते कडुनिंबाकडे गेले. मी मागोमाग गेले.

पडदे ओले होते. पानं स्वच्छ होती. आणि दांडा होता तिथे बोटभर हिरवा खुंट होता, कात्रीने सरळ कापलेला.

अण्णा त्या खुंटाकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हातात पेढ्यांची वाटी होती.

"मास्तर, आदी तोंड गोड करा. आमच्या पोरीचं जमलं."

काकूंची मुलगी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. तिलाही दोन-तीन ठिकाणांहून नकार आला होता. अक्कलकोटचे पाहुणे न कळवता दुपारी येऊन दाखल झाले, असं काकूंनी सांगितलं. वेणी आणायला माणूस नव्या पेठेत पाठवला, पण त्या उन्हात मोगरा सगळा करपलेला. "मग म्हणलं, आपल्या दारात वेणी हाय की. तुमीच म्हणला न्हवं, वेणी म्हणून? अशी बसली बघा तिच्या केसात, जशी मापाची. पाव्हण्यांनी जागेवर होकार दिला."

अण्णांनी पेढा हातात घेतला. तो त्यांनी खाल्ला नाही. "कसं होतं फूल?" त्यांनी विचारलं.

"गुलाबी होतं की."

"गुलाबी म्हणजे कसं? ठिपके होते का? वास होता?"

काकू थोडा विचार करून म्हणाल्या, "लई छान होतं बघा."

आई माझ्याकडे बघत होती. मी रागावले होते. पण आनंदाने फुललेल्या बाईवर तिच्या मुलीच्या लग्नाबद्दल रागवायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. मी आत गेले आणि उगाचच भांडी जोरात ठेवली.

संध्याकाळी अण्णांनी त्या मुलीलाच बोलावलं. ती लाजत आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"तू सांग मला," अण्णा म्हणाले. "तुरा केवढा होता? टोकापर्यंत उमललेला होता का?"

"मला कुठं दिसला, काका," ती म्हणाली. "माझ्या पाठीमागं होता की."

अण्णांनी मान हलवली, तिला आशीर्वाद दिला आणि ते अंगणात जाऊन पडद्यांना पाणी मारायला लागले. ते पडदे काकूंनी नुकतेच भिजवले होते.

इथपर्यंत झालं असतं तरी मी विसरले असते. पण काकूंनी ही गोष्ट गल्लीत सांगितली, मग दुकानात येणाऱ्या बायकांना सांगितली. बायका झाड बघायला येऊ लागल्या. ज्यांची मुलगी लग्नाची होती त्या हळदकुंकू घेऊन येत, कडुनिंबाला वाहत आणि येताना आणलेला तांब्या झाडांवर रिकामा करत. ज्या गावात पाण्यासाठी नळावर भांडणं होत होती, तिथे आमच्या ऑर्किडला घरोघरचं पाणी मिळू लागलं. ते सगळं वरून, थेट गाभ्यात. अण्णा घरात असले की ओरडत. ते पेन्शनच्या कामाला बाहेर गेले की बायका येत. त्यांनी जाळी लावली, तर जाळीतून पाणी आत जायचं. त्यात त्या वर्षी पाऊसही बरा झाला. श्रावण संपायच्या आत दोन झाडांचे गाभे काळे पडले. पान ओढलं की हातात यायचं, आणि घाण वास यायचा.

आईचं मात्र मन फिरलं होतं. जिने बांडगूळ म्हणून नाक मुरडलं, तीच आता उरलेल्या झाडाला नमस्कार करू लागली. "पुढचं फूल हिचं," ती म्हणाली. "आपल्या घरचं झाड, आणि पहिली वेणी दुसरीच्या डोक्यात."

"मी नाही घालणार," मी म्हणाले.

"का? काय बिघडतं?"

"इतकी वर्षं शाळेत मुलींना काय शिकवते मी? तुला हे पटतं तरी का?"

"मला तुझं लग्न झालेलं पटतं," आई म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या एकट्या झाडाने दांडा काढला. त्याच सुमाराला लातूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा. त्याचा फोटो पाठवलेला होता. तो मला आवडला होता, पण मी कोणाला सांगितलं नव्हतं. ते लोक लगेच येतो म्हणाले. आईने त्यांना कळवलं की घरात आजारपण आहे, थोडं थांबा. आजारपण नव्हतं. कळ्या उमलायच्या होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, आईने पुन्हा थांबवलं. मला हे सगळं नंतर कळलं. मला वाटत होतं तेच लोक टाळताहेत.

आणि मग गरम वारा सुटला. पडदे भिजवून तासाभरात खडखडीत वाळायचे. अण्णा रात्रंदिवस त्या झाडाभोवती होते. पण कळ्या पिवळ्या पडल्या आणि एक-एक करून खाली पडल्या. एकही उमलली नाही. त्याच आठवड्यात लातूरचं पत्र आलं की त्यांनी मुलाचं दुसरीकडे ठरवलं.

आईने रडत रडत खरं सांगितलं, तेव्हा मी अंगणात गेले. अण्णा पडलेल्या कळ्या गोळा करत होते.

"तुम्हाला माहीत होतं, आई त्यांना थांबवतेय ते?" मी विचारलं.

"होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी आणखी एक कळी उचलली. मग म्हणाले, "मला वाटलं, निदान या वेळी फूल बघायला तरी मिळेल. तुझ्या केसात का होईना."

मी त्यांना खूप बोलले. या झाडासाठी मी किती संध्याकाळी वाया घालवल्या, किती पाणी ओढलं, आणि ते घाटात इतकी वर्षं राहिले तेव्हा पोटभर फुलं बघितली असतील की, आमच्या वाट्याला ही कटकट कशाला आणली.

"नाही बघितली," ते शेवटी म्हणाले. "प्लॅटफॉर्मसमोरच्या झाडांवर दरवर्षी यायची. गँगमन सांगायचे, साहेब, बघा. मी म्हणायचो, हो, बघतो. गाडी यायची असायची. निघताना मात्र वाटलं की घेऊन जावं, आता वेळ आहे."

माझा राग गेला होता असं नाही. तो तसाच होता, फक्त तो कोणावर काढावा हे कळेनासं झालं.

ते झाड पुढच्या उन्हाळ्यात वाळलं. अण्णांनी ते सोडवून काढलं, गोणपाटं धुऊन घडी करून ठेवली आणि पिंप आईला दिलं. त्यानंतर त्यांनी कुठलंच झाड लावलं नाही. संध्याकाळी ते वाचनालयात जाऊन बसू लागले.

माझं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी ठरलं. बँकेतले होते, इथलेच. पाहुणे आले तेव्हा मी शाळेतून तशीच आलेली, साडीला खडूची पूड. केसात काही नव्हतं. ते तासभर बसले आणि जाताना दारातच होकार सांगून गेले.

काकू पेढे घ्यायला आल्या. "बघा, मी म्हणलं होतं का न्हाय," त्या अण्णांना म्हणाल्या. "इतकी वर्सं ते झाड दारात होतं, म्हणून जमलं."

मला त्यांना सांगायचं होतं की झाड मरून वर्ष झालं. मी तोंड उघडलंही. अण्णांनी हातानेच मला थांबवलं आणि काकूंपुढे पेढ्यांचा पुडा धरला.

"घ्या," ते म्हणाले. "दोन घ्या."