पाटीलकाकांची एक ओळ

मोरिवलीहून फोन आला तेव्हा मी हेंद्रेपाड्यातल्या घरी भाजी निवडत होते. ‘‘ताई, बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि...’’ पाटीलकाकांची मुलगी बोलत होती. महिना झाला त्याला.

काका मोरिवलीच्या शेतकरी घरातले. जमीन कारखान्यांत गेली, मग त्यातल्याच एका कारखान्यात ते कारकून म्हणून लागले आणि बघून बघून प्रोग्रॅमिंग शिकले. कामगारांच्या आरोग्य तपासणीचा डेटाबेस त्यांनी एकहाती उभा केला. ते निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि दुसऱ्याच आठवड्यात कोडमधली एक ओळ मला खटकली. फुंकर मारायला लावून फुफ्फुसं तपासतात, त्यातला आकडा फारच कमी आला तर ती नोंद कारखान्याच्या डॉक्टरांच्या यादीत जातच नव्हती. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘‘इतकी वर्षं चाललंय ना? मग कशाला हात लावतेस?’’ आमचे साहेब म्हणाले. पण ज्यांचा दम सर्वांत कमी, नेमके तेच गाळलेले... मला चैन पडेना. शनिवारी काकांचं घर गाठलं आणि घाबरतच प्रिंटआउट पुढे केला.

काकांनी चष्मा लावला. त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘‘मीच लिवलाय गो. तवा मशीन बिघडलेली, खोटे आकडे द्यायची. तेवढ्यापुरता केलेला.’’ मशीन केव्हाच बदललं होतं. ओळ राहून गेली होती.

मला वाटलं, आता चिडतील. काका उठले, शर्ट चढवला. ‘‘चल डॉक्टरांकडं. माझी चूक मीच सांगतो.’’

गाळलेल्या प्रत्येकाला पुन्हा तपासायला बोलावलं. काकांच्याच आळीतल्या दत्तूचा आजार वेळेत सापडला. धुळीच्या खात्यातून त्याला हलवलं, औषधं लागू पडली. एकाचा मात्र पत्ता लागला नाही. नोकरी सोडून गावी गेला, एवढंच कळलं. काका शेवटपर्यंत त्याची चौकशी करत राहिले.

त्यानंतर दोन महिने ते रोज आमच्याकडे येऊन बसले आणि स्वतःच्या कोडमध्ये ओळीओळीला कारण लिहीत गेले, मराठीत. गेल्या आठवड्यात काम करताना त्यातली एक टीप समोर आली : ‘हे असं का केलं, आता आठवत नाही. चूक असू शकते. विचारा. – पाटील.’

विचारायला काका नाहीत... मी त्या टिपेखालची कोडची ओळ कागदावर उतरवली आणि डॉक्टरांच्या केबिनकडे निघाले.