भिंत हुंगणाऱ्या काकू

काकू आमच्या खोलीत आल्या की आधी भिंतीपाशी जायच्या. चप्पल दारात, पदर खोचलेला आणि नाक थेट भिंतीला. माणसांशी बोलणं नंतर. वरून खाली हुंगत यायच्या, मध्येच थांबून तळहात टेकवायच्या आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायच्या, की न केलेला गुन्हाही कबूल करावासा वाटे. माझी पालमला बदली झाली तेव्हा मी त्यांच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्या घरमालकीण, मी शाळेतली मॅडम. गल्ली त्यांना पाठीमागे ‘हुंगणाऱ्या काकू’ म्हणे आणि तोंडावर नुसतं काकू.

“मॅडम, कपडे आतच वाळू घालायलाव का?” हा त्यांचा पहिल्या दिवसाचा प्रश्न. मला येऊन तासही झाला नव्हता, कपडे अजून बोचक्यात होते. नाही म्हटलं, तर त्यांनी बोचकं चाचपून पाहिलं.

त्यांचा कशावर म्हणून भरोसा नव्हता. रंगाच्या दुकानदारावर तर मुळीच नाही. “रंग दिला की बुरशी जात न्हाई, ती लपती,” असं त्या दुकानात उभं राहून दुकानदारालाच ऐकवून आल्या होत्या. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे हवं, अशी त्यांची सक्त ताकीद होती. ती वीतही त्या स्वतःच्या हातानं मोजायच्या, कारण माझी वीत लबाड असू शकत होती. भात शिजताना माझी खिडकी बंद दिसली की अंगणातून आवाज यायचा, “वाफ कोणासाठी कोंडून ठिवायलाव?”

मी हे सगळं ऐकून घ्यायचे ते ओवीसाठी. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. हवेत ओल आली की तिला धाप लागायची. बुरशी असलेल्या खोलीत तिला झोपवू नका, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. हे शनिवारी-रविवारीच घरी यायचे, म्हणजे तिचा श्वास मोजत बसायचं काम माझंच.

श्रावणात व्हायचं तेच झालं. ओवीच्या पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले आणि तिची छाती वाजायला लागली. मी झाडू उचलला, तो काकूंनी हिसकावून घेतला. “कोरडी झाडू नका. उडती ती, लेकराच्या नाकात जाती.” ओवीला त्यांनी बाहेर पिटाळलं, तोंडाला पदर बांधला, साबणाच्या पाण्यात फडकं पिळून डाग पुसले आणि ते फडकं फेकून दिलं. दिवसभर पंखा लावून भिंत सुकवली. आठवड्यात ठिपके परत हजर.

आता आम्ही दोघी एकमेकींवर संशय घेऊ लागलो. त्यांना वाटे, मी दार लावून ओले कपडे वाळवते. मला वाटे, यांचं छत गळतं आणि या ते लपवतात. गावात मी दुसरी खोली शोधून आले, पण ज्या मिळाल्या त्या हिच्याहून ओल्या.

“आता भिंतच सांगंल,” असं म्हणत एक दिवस काकू दुधाची रिकामी पिशवी घेऊन आल्या. धुऊन, कापून, कोरडी केलेली. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून त्यांनी ती भिंतीवर डकवली आणि मला निकालाची अट ऐकवली. “पिशवीच्या बाहेरून थेंब आले तर वाफ तुमची. आतून, भिंतीकडनं आले तर पाणी भिंतीत मुरायलंय.” मी पिशवी काढून पुन्हा लावीन म्हणून पट्टीवर त्यांनी पेनानं सही केली. त्यांची पाठ वळताच मीही माझी सही ठोकली. संशय काय त्यांनाच येतो?

तिसऱ्या दिवशी काकू चष्मा लावून आल्या. आधी सही तपासली. “माझीच हाय. ही दुसरी कुणाची?” त्यांनी पट्टी सोडवली. बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत होती. पिशवीच्या आतून मात्र थेंब ओघळत होते.

काकू चष्मा न काढताच अंगणात गेल्या. मी मागोमाग. आमच्या भिंतीला पलीकडून त्यांचा सिमेंटचा हौद चिकटलेला होता. पालमात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, साठवण तर सगळेच करत. काकू मात्र हौद कधी अर्ध्यावर येऊ देत नसत. नळ पुन्हा येईल याची त्यांना खात्रीच नसायची.

त्या हौदाच्या कडेवर टेकल्या. “मालक गेले तवा घरात तांब्याभर पाणी नव्हतं. त्यांना आंघोळ घालायला मी दारोदार मागितलं. मग हा बांधून घेतला. चौथी भिंत आयतीच हाय म्हणून घराला लावला.” आतून ओवीची छाती वाजलेली ऐकू येत होती. हौद रिकामा करा, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच हौदाचा बोळा काढला. पाणी फुकट जाऊ नये म्हणून गल्ली बादल्या घेऊन आली, आणि कोण कितीदा आलं यावर काकूंनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पुढे हौद फोडला, ओला गिलावा खरवडला, भिंत कित्येक आठवडे उघडी वाळवली. अंगणात झाकणाचे दोन ड्रम तेवढे राहिले. दिवाळीपर्यंत ओवीची छाती शांत झाली. काकूंचा त्यावरही विश्वास बसेना. रोज तिच्या पाठीला कान लावून जायच्या.

काही वर्षांनी पुढच्याच गल्लीत आमचं घर झालं. आमचा हौद काकूंनी घरापासून चांगला दोन हात लांब बांधायला लावला. गवंड्यावर नजर ठेवायला उन्हात खुर्ची टाकून बसल्या. “लेकी, हा कधी खाली ठिवू नको,” म्हणाल्या. मॅडम म्हणता म्हणता मी त्यांची ‘लेकी’ कधी झाले, कळलंच नाही. त्यांचा तो नेहमीचा संशय समजून मी मान डोलावली.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी काकू गेल्या. नळ नऊ दिवस आला नव्हता. मी त्यांच्या ड्रमाचं झाकण उचललं, तळ दिसला, आणि मला रडू कोसळलं. दहावीतली ओवी शेजारी उभी होती. ती तडक घरी गेली आणि आमच्या हौदातली भरलेली घागर कमरेवर घेऊन आली. मग दुसरी, मग तिसरी. काकूंच्या आंघोळीसाठी कोणाच्या दारात जावं लागलं नाही. पाचव्या खेपेलाही ओवीला धाप लागली नव्हती.