रानकांद्याचा अर्क

आमच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी साचत जातात, न धुतलेल्या परीक्षानळ्या आणि किस्से. नळ्या निदान परीक्षेच्या आधी धुतल्या जातात. बीडच्या कॉलेजात सरांच्या हाताखाली आम्ही दोघं पीएचडी करत होतो, मी आणि चकलांब्याचा दत्ता. विषय रानकांदा आणि तसले औषधी कंद. त्यांत रसायनं कोणती, अँटिऑक्सिडंट गुण किती, हे तपासायचं.

*

नारायणगडाच्या बाजूला माळावर कांदे खणायला गेलतो. दत्त्यानं हातमोजे घातलेच नाहीत. रानकांद्याचा चीक लागला की हात मरणाचे खाजतात. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेझेंटेशन, आणि हा आपला टेबलाखाली हात चोळतोय. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम मायेनं म्हणाल्या, "घाबरू नका."

दत्ता म्हणाला, "घाबरलो न्हाई मॅडम, खाजतंय."

*

अँटिऑक्सिडंटची चाचणी साधी असते. जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा, जांभळा उडून पिवळा झाला की गुण आहे. आमचा झाला पिवळा. पेपरात बातमी छापून आली, रानकांदा कॅन्सर बरा करतो. असं आम्ही कुठं म्हटलंच नव्हतं. झालं, लोक रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन दारात.

सर प्रत्येकाला सांगायचे, "परीक्षानळीला कॅन्सर झाला तर नक्की बरा करू. माणसाला दवाखान्यात न्या. ह्या कांद्यात हृदय बंद पाडणारं विष असतं."

*

पाटोद्याकडचा एकजण असाच रिकाम्या हातानं परत गेला. घरी जाऊन त्यानं स्वतःच कांदा खणला, ठेचून रस प्याला. उलट्या झाल्या, नाडी मंदावली, संपला.

दहाव्यानंतर त्याचा भाऊ आला. भांडला नाही, स्टुलावर बसून राहिला. मग म्हणाला, "तुमी दिलं असतं सर, तर मापात तरी दिलं असतं."

सरांनी उठून अर्काच्या कपाटाला कुलूप घातलं. मला पेपरवाल्याचा राग आला, त्या भावाचा आला आणि आमचाही आला.

*

मग सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, कॅन्सर झाला. किमो झाली. शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.

काकू सरांना म्हणाल्या, "समद्यांला न्हाई म्हणलात. मला तरी हो म्हणा."

सर प्रयोगशाळेत आले. कपाट उघडलं नाही. मला म्हणाले, "गूळ आण." गुळाच्या पाण्यात रंगापुरती चहापत्ती उकळली, नव्या बाटलीत भरली, वर 'रानकांदा अर्क' असं लेबल चिकटवलं. बाटली घेऊन मी त्यांच्यासोबत घरी गेलो.

काकूंनी घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला.

"रानकांदा लई कडू असतो म्हणायचात तुमी."

काकूंनी उरलेलं सगळं पिऊन टाकलं, पदरानं तोंड पुसलं.

"उद्या बी असंच करून आणा," म्हणाल्या.