वहिनींची सवत

धर्माभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी लोणच्याच्या बरणीला कान लावत, माणसांची विचारपूस नंतर. "बोलत नाय रं ही," असं हळहळून म्हणत आणि मग खाली बसत. खालापुरात त्यांच्या शेजारी मी अर्धं आयुष्य काढलं, त्यामुळे मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आमच्याकडे पहिल्यांदाच आलेले व्याही मात्र चहा अर्धा टाकून उठले होते.

या सवयीचं मूळ होतं बिअरमध्ये. भाऊ खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे यंत्रं बसवायला आलेल्या एका गोऱ्या साहेबाने त्यांना घरच्या घरी बिअर करायला शिकवलं आणि जाताना पेलाभर विरजण दिलं. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, उकळायचे, कडूपणासाठी काडेचिराईत टाकायचं, निवल्यावर विरजण लावायचं आणि बरणीला कान लावून बसायचं. आत बुडबुडे सुरू झाले की भाऊ सगळ्या आळीला दटावत, "उगी ऱ्हावा रं! ती बोलतेय." तिच्या अंगावर घोंगडी असे आणि दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात लिंबू-मिरची. त्यांच्या बायकोला, सुभद्रावहिनींना, थंडीत गोधडी पुरत नसे. त्या बरणीला सरळ 'माझी सवत' म्हणायच्या.

पुढे गावात दारूबंदीवर कीर्तन करणारे एक बुवा राहायला आले. त्यांनी भर कीर्तनात भाऊंना उभं केलं आणि वहिनींची शपथ घ्यायला लावली, "बिअरला हात लावणार नाही." घरी येऊन भाऊ वहिनींना म्हणाले, "टाक ती ओतून. माज्याच्यानं बघवनार नाय." तेव्हापासून ते लोकांच्या लोणच्यांकडे वळले. बुवांचं मात्र त्यांच्या घरी जाणं-येणं वाढलं, ते वहिनींच्या आंबोळ्यांसाठी. अशी जाळी तालुक्यात कुणाला जमत नसे.

बरीच वर्षं गेली. भाऊ निवृत्त झाले आणि रिकामपणी त्यांना शपथेतली फट सापडली. "हात नाय लावायचा म्हनलोय मी. डाव लावला तर?" मग लांब दांड्याचे दोन डाव आणि एक चिमटा घेऊन ते पुन्हा कामाला लागले. वहिनींनी कपाळाला हात लावला.

पण विरजण कुठून आणणार? बेकरीतलं शिळं खमीर घातलं, तर बरणीला पावाचा वास आला आणि ती मुकीच राहिली. ताडी घातली, तर ती बोलली, पण शिव्या दिल्यासारखी, आणि आंबट ढाण झाली. भाऊ खचले. "ती मेली रं. मीच मारली," असं म्हणत जेवणाचं ताट दूर सारू लागले. अंगरखा सैल झाला. मला आधी हसू यायचं, नंतर भीती वाटायला लागली.

एका सकाळी मी तिथे असतानाच वहिनींनी आंबोळीच्या पिठाचं पातेलं त्यांच्यापुढे आदळलं. "लावा कान."

भाऊंनी कान लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, ही तर तीच!"

"तुमी टाक म्हनालात तवा बुडबुडं करत व्हती. जित्या जिवाला मोरीत कशी ओतू? पिठात घातली. तवाधरनं दर खेपेला वाटीभर मागं ठेवते." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "सवत असली म्हनून काय झालं? घरात आलेलीला उपाशी मारू?"

भाऊ लहान मुलासारखे रडले. त्या पिठाचं विरजण लावून त्यांनी केलेल्या बिअरला आंबोळीची चव होती. मी ती बशीत ओतून प्यायलो, आणि खरं सांगतो, वाईट नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. बुवा भेटायला आले, चार आंबोळ्या खाल्ल्या आणि हळहळले, "भला माणूस, पण ते व्यसन काही सुटलं नाही त्याचं. तुमच्या हाताला मात्र काय गुण आहे, वहिनी!"

वहिनींनी डोळे पुसले आणि त्यांच्या ताटात पाचवी वाढली. "घ्या बुवा. त्यांचीच आठवन हाय."