सवाष्ण कमी पडली

इंदिरानगरात आमच्या समोरच्याच दारात माझी मैत्रीण राहते. दर बुधवारी दुपारी तिच्याकडे चहा आणि पुस्तक, असा आमचा नेम. एकीने वाचायचं, दुसरीने ऐकायचं. गेल्या वर्षी तिने अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरची जुनी, गाजलेली पुस्तकं वाचायला काढली.

एका पुस्तकात काळी स्वयंपाकीण होती. घरातली पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, अख्ख्या घराचं जेवण तिच्या हातचं, पण तिने मात्र मागच्या पायरीवर बसून जेवायचं. वाचता वाचता मैत्रिणीचा आवाज भरून आला. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाली, "कसली गं माणसं ही! यांच्या घशाखाली घास तरी कसा उतरत असेल? बरं झालं, गेले ते दिवस."

मला फार बरं वाटलं. आम्ही बौद्ध, तिच्या सासरचे इथल्या गंगेच्या घाटावर यात्रेकरूंच्या पूजा सांगणारे. आमच्यात हा विषय कधी निघालाच नव्हता. वाटलं, आता निघाला आणि सुटलाही. हिच्यापाशी काही सांभाळून बोलायला नको. लेकीलाही मी कौतुकाने सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात श्रावणातला शुक्रवार होता. तिच्याकडे त्या दिवशी पाच सवाष्णी पुरणावर जेवायला असतात. सकाळीच एकीला ताप आला. दार उघडं टाकून ही फोन करत सुटली, "एक सवाष्ण कमी पडतेय हो!" मी दारात दूध घेत होते. मला सवाष्णीचं काही अप्रूप नाही, पण मैत्रीण अडलेली. म्हटलं, "अगं, मी आहे की. नवरा धडधाकट आहे माझा, आत घोरतोय."

ती हसली नाही. "तुमच्यात हे मानत नाहीत ना, म्हणून तुला म्हटलं नाही."

"मानत नसले तरी जेवते की."

पदराशी चाळा करत म्हणाली, "सासूबाईंनी घालून दिलेलं आहे गं. तू वाईट वाटून घेऊ नकोस." सासूबाईंच्या फोटोला हार चढून कितीतरी वर्षं झाली होती.

शेवटी खालच्या मजल्यावर नव्याने आलेल्या भाडेकरूची बायको मिळाली. हिला तिचं नावही माहीत नव्हतं. आडनाव पुरलं.

घरात येऊन मी भांडी आदळली. सोसायटीत तोंडावर टोमणे मारणाऱ्या बायका आहेत. त्यांचं मला कधी एवढं लागलं नाही, कारण त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. हिने माझ्यासमोर डोळे पुसले आणि केसाने गळा कापला.

संध्याकाळी ती पुरणपोळ्या घेऊन आली. एरवी आमचे डबे या घरातून त्या घरात फिरतात. रिकामा डबा परत करायचा नाही, म्हणून काही ना काही येत-जात राहतं. त्या दिवशी पोळ्या कागदी ताटलीत होत्या. "टाकून दे ताटली, परत द्यायला नको," म्हणाली.

लेकीने ताटलीकडे पाहिलं. "रडलेल्या मावशी त्या याच ना?" मी ताटली ओट्यावर सरकवली. पोळ्या तशाच राहिल्या.

बुधवारी तिने दार वाजवलं. हातात तेच पुस्तक. "चल की, चहा टाकलाय. त्या स्वयंपाकिणीचं पुढे काय होतं ते बघू. आज वाचायची पाळी तुझी."

"तूच वाच," मी म्हटलं. "मला माहीत आहे."