भाड्याच्या खोलीतले कौंटसाहेब

विनोदी सिनेमा बघताना आमचे कौंटसाहेब हसत नसत, घामाघूम होत. सगळं थिएटर खदखदून हसत असे आणि हे गृहस्थ खुर्चीच्या कडेवर बसून, कुणाच्या तरी जिवावर बेतल्यासारखे पडद्याकडे बघत.

छावणीतल्या थिएटरात रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागत. त्यातला एक काळा-पांढरा हॉलिवूडपट त्यांचा जीव की प्राण. बड्या हॉटेलातला एक वेटर भाड्याचा कोट चढवून कौंट म्हणून मिरवतो, अशी गोष्ट. मेजवानीत कुणाच्या तरी हातून बशी पडते. खरे उमराव तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. आपला कौंट मात्र बोलता बोलता खाली वाकतो आणि तुकडे वेचू लागतो. इथे लोक खिंकाळत आणि हे माझं मनगट धरत. "बघा! तोंड समदं बरोबर बोलतंय. हातांना कोण शिकवणार?" सोंग म्हणजे मिशा चिकटवणं, हे त्यांना मान्यच नव्हतं. "बघणाऱ्याला जे बघायचं ते बघू द्यायचं. आपण मधी बोलायचं नाय." चिकलठाण्याच्या कारखान्यात आम्ही दोघे स्टोअरमध्ये होतो. तिथेही ते याच सिनेमावर बोलत, म्हणून त्यांचं नाव कौंटसाहेब पडलं.

मधे न बोलणं ही त्यांची हौस नव्हती, गरज होती. औद्योगिक वसाहत वाढत होती. प्रत्येक नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला एक मंत्री येई आणि नवा माणूस घडवण्यावर तासभर बोले. त्या नव्या माणसाला खोली देताना घरमालक आधी जुनंच विचारत. कौंटसाहेब सिल्लोडकडचे, बौद्ध. बऱ्याच दारांतून परत आलेले. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नसे. एका मालकांनी ते ऐकलं, आपल्यापैकीच समजले आणि किल्ली दिली. कौंटसाहेब मधे बोलले नाहीत. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा मराठवाडा पेटला होता, खेड्यांतून वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत होत्या. वहिनींना सातवा महिना. ही खोली गेली असती तर गावी परतायचीही सोय नव्हती.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो असताना मालकांनी आम्हा दोघांना पुढच्या ओसरीवर चहाला बोलावलं. त्यांचे मेहुणे गावाहून आले होते. टोपीला अशी इस्त्री, की तिने कागद कापला असता. समोर आम्ही तिघंच असूनही त्यांनी "बंधूंनो" अशी सुरुवात केली.

"नाव बदलू द्यायचं नाय म्हंजे नाय. आज विद्यापीठ मागत्यात, उद्या तुमच्या शेजारी खोली मागतील!"

मालकांनी मान डोलावली. कौंटसाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी मनातल्या मनात दाद दिली.

मग ते उठले, रिकामी कपबशी घेऊन सरळ अंगणातल्या नळाशी गेले आणि कप विसळू लागले.

त्यांच्या गावात पाटलाच्या ओसरीबाहेर एक कप वेगळा असे. चहा पिऊन झाला की तो आपला आपण विसळून पालथा घालायचा. पोरवयात लागलेलं वळण. चाळीशीतही हात ते विसरले नव्हते.

मेहुण्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं.

"पाव्हणं," मेहुणे सावकाश म्हणाले, "गावात घर कुठं म्हणायचं तुमचं? वेशीच्या आत का बाहेर?"

मी माझा कप उचलला आणि नळाशी कौंटसाहेबांशेजारी जाऊन बसलो. "कँटीनची सवय हो! आमच्याकडे मॅनेजरसुद्धा आपला कप आपण धुतात." हे मॅनेजरांनी ऐकलं असतं तर त्यांना भोवळ आली असती. पण मालक हसले. मेहुणेही हसले. "कंपनीनं पार बायका करून ठेवल्या राव तुमच्या!"

मला सोडायला कौंटसाहेब गल्लीत आले. मी आभारांची वाट बघत होतो. ते आपल्या ओल्या हातांकडे बघत होते.

"काम झकास केलं तुम्ही. टायमावर आलात." मग थांबून म्हणाले, "पण लेकरू येईल आता घरात. त्याला काय शिकवू? बापाचं घर कुठं इचारलं, तर मधी बोलायचं नाय, हे?"

"आत्ता नको हो. दिवस कसे आहेत बघताय ना?"

"दिवसच बघत आलोय. थांबा इथंच."

ते परत आत गेले. दार उघडंच होतं.

"मालक, मघाशी पाव्हण्यांनी इचारलं, त्याचं उत्तर राहिलं. वेशीच्या बाहेर. जयभीम."

मालकांचा पडलेला आवाज आला, "महिना भरून घ्या." मेहुण्यांना आता बंधूंनो म्हणायची सोय उरली नव्हती.

बिऱ्हाड हर्सूलकडच्या एका वस्तीत हललं. सामान चढवायला मी गेलो होतो. टेम्पोत पुढे वहिनी बसल्या होत्या. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या घड्यांत इतके दिवस दडवलेली निळ्या कोटातली तसबीर त्यांनी बाहेर काढली होती.

"काच फुटेल वहिनी," मी म्हणालो. "गोधडीत गुंडाळून द्या मागं."

"आता नाय गुंडाळायची, भाऊजी."

त्यांनी तसबिरीचं तोंड रस्त्याकडे केलं आणि ती मांडीवर उभी धरली. कौंटसाहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं, "बाजारातून घ्या. सावकाश."