कोचई घातलेलं मटण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे मटण शिजतं. त्या वर्षी नेमका त्याच दिवशी धाकटा दीर वेगळा निघत होता. लामत्याला त्याने भाड्याने घर घेतलं होतं आणि सामानाचा टेम्पो सकाळपासून दारात उभा होता. सासूबाईंची एकच अट होती. मटण एका गंजात, एकाच पातेल्यात शिजेल, सगळे सोबत जेवतील, मग जायचं ते जा. त्या स्वतः कुठे राहणार, हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला त्या इथेच हव्या होत्या. शेजारच्या म्हातारीला तिच्या मुलांनी सहा-सहा महिने वाटून घेतलेलं मी रोज पाहत होते.

अंगणातल्या चुलीवर गंज ठेवला होता. कांदा-खोबरं भाजून वाटलेला मसाला, वर तेल सुटलेलं, आणि त्यात कोचई. कोचई, म्हणजे अळूचे कंद, कच्ची राहिली तर घसा खाजतो, म्हणून त्यात चिंच लागतेच. पण ती मटण मऊ झाल्यावर. आधी पडली तर मटण आकसतं, मग कितीही जाळ घाला.

मी भाताचं आधण ठेवायला आत गेले. परत आले तर दीर गंजात डाव फिरवत होता. शेजारी चिंचेची वाटी रिकामी.

"वहिनी, चिंच टाकून देली. तुमचं काम हलकं केलं."

"कोणं सांगितलं होतं तुमाले?"

"उशीर होऊन राह्यला न!"

"आता होईन उशीर," मी म्हटलं.

धाकटी जाऊ दारातून म्हणाली, "घरात कधी पाण्याचा गिलास नाही उचलला, अन् आज सैपाक करून राह्यले!"

कोणी हसलं नाही. मी गरम पाणी वाढवलं, झाकण घातलं, लाकडं पुढे सारली. टेम्पोवाला दोनदा येऊन गेला. "भैया, चलना है कि नहीं? मुझे राजेगाव का भाड़ा है." जाऊ भांडी बांधत होती, सोडत होती, परत बांधत होती. सासूबाई ओसरीवरच्या खाटेवर बसून सगळं बघत होत्या. मी पुन्हा पुन्हा फोड दाबून पाहिली. कोचई शिजली, मटण शिजलं नाही.

शेवटी तसंच वाढलं. सगळे खाली मान घालून चावत राहिले. सासूबाईंना दात नाहीत. त्यांनी भातात रस्सा घेतला, कोचई कुस्करली आणि सावकाश जेवल्या. ताट सरकवून म्हणाल्या, "मी धाकट्यासंगं चालली."

"काहून? इथं काय कमी आहे?" माझा आवाज चढलाच.

"कमी काहीच नाही. तुले हाताशी माणूस लागत नाही. हिले लागते. हिचा नवरा पाह्यला न तू आता?"

दीर कसनुसा हसला. जावेचे डोळे भरले. माझे हे, अशा वेळी नेहमी करतात तसे, मान खाली घालून हाड चोखत राहिले.

मला माणूस लागत नाही हे त्यांनी कधी ठरवलं, ते विचारायचं होतं. बाहेर हॉर्न वाजला. मी हात धुतले, ओसरीवरची सासूबाईंची खाट आडवी करून टेम्पोत चढवली आणि दोरी आवळून बांधली. दिराने मारलेली गाठ लामत्यापर्यंत टिकली नसती.